पिकार्डने यान मागे वळवायला हवं होतं का?

सुकाणू

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'च्या पाचव्या पर्वातला 'कॉज अँड इफेक्ट' हा १९९२ सालचा भाग नुकताच पुन्हा पाहिला. त्यातल्या एका निर्णयाबद्दल माझा जुना आक्षेप आहे, तो आज मांडतो. शेवट फुटणार आहे, त्यामुळे ज्यांना पाहायचा असेल त्यांनी आधी पाहून या.

कथा थोडक्यात अशी. एंटरप्राइज हे यान टायफन एक्सपान्स नावाच्या अनोळखी प्रदेशात शोधमोहिमेवर असतं. समोर अवकाशात एक विकृती उघडते, इंजिनं आणि थ्रस्टर बंद पडतात, विकृतीतून दुसरं यान बाहेर येतं आणि येऊन आदळतं. एंटरप्राइजच्या चिंधड्या. मग काळ मागे जातो आणि पुन्हा सुरुवात : तोच पत्त्यांचा डाव, तीच बैठक, तीच टक्कर. पहिले पाढे पंचावन्न. मागचं कुणालाच आठवत नाही, फक्त 'हे आधी घडलंय' ही जाणीव फेरीगणिक दाट होत जाते. डॉ. क्रशरला रात्री आवाज ऐकू येतात. एका फेरीत ती ते ध्वनिमुद्रित करते, डेटा नावाचा दलातला यंत्रमानव त्यांची उकल करतो, आणि कळतं की ते दलातल्याच लोकांचे, मागच्या फेऱ्यांमधले शेवटच्या क्षणांचे आवाज आहेत.

म्हणजे टक्कर होणार हे टकरीच्या आधी कळलेलं आहे. यान मागे वळवावं अशी सूचना येते. यानाचा कप्तान पिकार्ड ती नाकारतो. त्याचं म्हणणं, कदाचित मागे वळल्यामुळेच टक्कर होत असेल, तेव्हा ठोस कारण मिळेपर्यंत मार्ग बदलायचा नाही. ऐकायला हे फार प्रगल्भ वाटतं, पण मला ते साफ चुकीचं वाटतं.

अगदी पहिली फेरी डोळ्यांसमोर आणा. तेव्हा आवाज नव्हते, चाहूल नव्हती, मागे वळायचं कुणाला काही कारणच नव्हतं. म्हणजे पहिली टक्कर ठरलेल्या मार्गाने जातानाच झाली. 'सरळ गेलो की मरतो' याचा निदान एक पुरावा हाती आहे, 'वळलो की मरतो' याचा एकही नाही. पारडी सारखी नव्हती, पिकार्डने ती सारखी धरली.

आणि वळायचं नसेल तर वेग तरी कमी करा! समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले. त्यातला सातवा नियम सांगतो की टकरीच्या धोक्याबद्दल शंका असेल, तर धोका आहे असंच धरून चालायचं. आठवा सांगतो की अंदाज घ्यायला वेळ हवा असेल तर वेग घटवा, थांबा किंवा इंजिन उलटं चालवा. हजारावर माणसं पोटात घेऊन जाणाऱ्या यानाच्या कप्तानाला एवढीही सावधगिरी सुचू नये, हे मला पटत नाही. विमान अपघातांच्या तपासात ठरलेला बेत रेटत राहण्याची वृत्ती वारंवार समोर येते. परिस्थिती बदललेली दिसत असूनही चालक आधीच्या योजनेला चिकटून राहतो. पिकार्ड इथे नेमकं तेच करतो, आणि आपण त्याला धीरोदात्त म्हणतो.

शून्यगुरुत्व

असहमत. पहिल्या फेरीचा पुरावा पहिल्या फेरीपुरता. फेऱ्या किती झाल्या, हे त्या बैठकीत कुणाला माहीत होतं? तास, दिवस की वर्षं गेली, याचाही पत्ता नव्हता. मधल्या फेऱ्यांमध्ये ते वळले असतील आणि तरीही मेले असतील. क्रशरचा ग्लास आठवा. तो फुटणार याची कुणकुण लागल्यावर ती तो मुद्दाम दुसरीकडे ठेवते, तरी फुटतोच. हे पाहिलेल्या दलाने 'जागा बदलली की सुटलो' असं का मानावं?

मागे वळणं म्हणजे सुरक्षित, हे गृहीतकही तपासा. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली, तेव्हा यान पृथ्वीपासून सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटरवर होतं. पहिली ऊर्मी कुणाचीही हीच असेल, की तिथूनच थेट घरी फिरा. पण त्यासाठी मुख्य इंजिन पेटवावं लागलं असतं, आणि स्फोटानंतर त्याचा भरवसा उरला नव्हता. फ्लाइट डायरेक्टर जीन क्रँझ यांनी चंद्राला वळसा घालून यायचा लांबचा मार्ग धरला. तिघेही जिवंत परतले. घाबरलेल्या माणसाला मागची वाट नेहमीच जवळची वाटते. कप्तानाने त्या वाटण्यावर जायचं नसतं.

सुकाणू

शून्यगुरुत्व, अपोलोचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. क्रँझ यांच्यापाशी न वळण्याचं ठोस कारण होतं : इंजिन. पिकार्डची इंजिनं त्या बैठकीच्या वेळी ठणठणीत होती, ती बंद पडतात विकृती समोर आल्यावर. त्याच्याकडे होती फक्त एक 'कदाचित'.

आणि 'मधल्या फेरीत वळले असतील' हे तर टिकतच नाही. तोच माणूस, तीच माहिती, तीच बैठक. आज तो म्हणतो 'सरळ चला', तर मागच्या वेळी तो वेगळं काय म्हणाला असेल? आज त्याच्या तोंडून जो निर्णय सहज बाहेर पडतोय, तोच मागच्या खेपेला बाहेर पडला असणार, आणि तोच सगळ्यांना घेऊन बुडाला. अशा फेऱ्यात अडकलेल्या माणसाने आपल्या पहिल्या कौलावर सगळ्यात आधी संशय घ्यायला हवा.

ग्लासचं म्हणाल, तर पत्त्यांचा डावही पाहा. आधी क्रशर पिकार्डचा दुय्यम अधिकारी रायकर याची थाप पकडते. पुढच्या एका फेरीत ती पकडणार हे जाणवून रायकर आधीच पत्ते टाकतो. म्हणजे माणसाचा निर्णय बदलू शकतो, आणि त्यासोबत परिणामही.

चित्रा_नक्षत्र

तुम्ही सगळे एंटरप्राइजबद्दलच बोलताय. दुसऱ्या यानाचं काय?

ते यान म्हणजे बोझमन. २२७८ साली निघालेलं, ऐंशीहून जास्त वर्षं बेपत्ता. एंटरप्राइज सुटतं तेव्हा तिचे वाया गेलेले दिवस भरतात १७.४. बोझमनच्या लोकांच्या हातून अख्खं आयुष्य निसटलंय आणि त्यांना ते ठाऊकही नाही. पिकार्ड पडद्यावर कॅप्टन बेटसनशी बोलतो आणि त्याला काय सांगावं, कसं सांगावं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मला तो संपूर्ण भागातला सर्वात मोठा क्षण वाटतो. पिकार्ड वळला असता, तर एंटरप्राइज वाचलं असतं आणि बोझमन तिथेच राहिलं असतं, कुणाला कळलंही नसतं. सरळ जाण्यातून एक अख्खं दल परत मिळालं. हे मी हिशेबाबाहेर ठेवू शकत नाही.

सुकाणू

चित्रा, बेटसनच्या दृश्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण ते फळ आहे, कारण नाही. बैठकीत बोझमनचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा पलीकडे सुखरूप पोचला आणि तिथे त्याला हरवलेलं मूल सापडलं, म्हणून डोळे मिटणं बरोबर ठरत नाही. निर्णय जोखायचा तो त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवर.

चित्रा_नक्षत्र

मग तुमचा सातवा नियमही त्याच मापाने मोजा. अज्ञात प्रदेश धुंडाळणं हेच ज्या यानाचं काम, त्याने धोक्याची शंका आली की फिरायचं ठरवलं, तर ते बंदरातून बाहेरच पडणार नाही. बोझमनचं नाव ठाऊक नव्हतं, पण आवाजांमध्ये टक्कर ऐकू आली होती. टक्कर म्हणजे समोर काहीतरी आहे. ते काय आहे हे पाहणं हे त्यांचं कर्तव्य होतं, असं मी म्हणते.

गणिती

सुकाणू यांचा 'पहिल्या कौलावर संशय' हा मुद्दा मला या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, पण तो ते पुरता नेत नाहीत. सरळ जायचा कौल संशयास्पद, म्हणून मी वळायचं ठरवतो. पण मग 'वळायचं' हाच माझा सहज निर्णय झाला, आणि मागच्या फेरीतही मी हाच विचार करून वळलो असेन. विचार कितीही खोल नेला तरी मागच्या फेरीतला मी तितक्याच खोलवर पोचलेला असतो. तर्काने यातून बाहेर पडता येत नाही.

मग निवड आपल्या हातातून काढून घ्या. नाणं चालणार नाही, तोच हात आणि तोच जोर असेल तर तेच नाणं तसंच पडेल. किरणोत्सारी अणूचा क्षय वापरा. क्वांटम सिद्धान्ताच्या प्रचलित मांडणीनुसार सुरुवातीची स्थिती तंतोतंत तीच असली तरी क्षय कोणत्या क्षणी होईल हे ठरलेलं नसतं. ठरलेल्या वेळेत क्षय झाला तर वळा, नाही झाला तर सरळ जा. कधी ना कधी वेगळी वाट निघेलच.

शून्यगुरुत्व

गणिती, हजार जिवांचा निर्णय एका अणूवर सोडणारा कप्तान मला नको. माझ्या दलाला मी काय तोंड दाखवू?

गणिती

त्याच दलाला न कळत रोज मारण्यापेक्षा हे तोंड दाखवणं बरं.

दुर्बीण

भौतिकशास्त्राकडून एक खोच. कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचं असं एक उत्तर दाखवलं, ज्यात फिरत्या विश्वात काळाच्या बंद वाटा असतात : पुढे पुढे जात माणूस स्वतःच्या भूतकाळात पोचतो. पण अशा बंद वाटेवर 'पहिली फेरी' आणि 'दुसरी फेरी' असं काही नसतं. इगोर नोविकोव्ह यांच्या सुसंगततेच्या तत्त्वानुसार तिथे जे घडतं ते एकदाच आणि एकाच प्रकारे घडतं. त्या अर्थाने सुकाणू यांचा पहिल्या फेरीचा पुरावा कोसळतो, आणि सुटकेची आशाही.

पण या कथेतला फेरा तसा बंद नाही. आवाज उरतात, जाणीव साठत जाते, अंध अभियंता ला फोर्ज ज्याने पाहतो त्या व्हायझरला (डोळ्यांवरच्या यंत्राला) मागच्या फेऱ्यांच्या सावल्या दिसतात. काहीतरी पुढे झिरपतं. म्हणजे हे मळसूत्र आहे, आणि मळसूत्राला पहिला आटा असतोच. तेव्हा कथेच्या नियमांत राहून पाहिलं तर सुकाणू बरोबर आहेत. ज्या वर्षी हा भाग आला त्याच वर्षी, १९९२ मध्ये, स्टीफन हॉकिंग यांनी निसर्ग अशा बंद वाटा तयारच होऊ देत नसावा असा तर्क मांडला, हेही जाता जाता.

तांडेल

मी जहाजावर नोकरी केली आहे, म्हणून दोन गोष्टी.

नियमांचा हवाला देणाऱ्यांनी सातवा नियम पूर्ण वाचावा. त्यातच पुढे आहे, की अपुऱ्या माहितीवर, विशेषतः अपुऱ्या रडार माहितीवर, अंदाज बांधू नयेत. १९५६ मध्ये आंद्रेआ डोरिया आणि स्टॉकहोम ही जहाजं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या नॅन्टकेट बेटाजवळ धुक्यात एकमेकांवर आदळली. दोघांकडे रडार होतं आणि दोघांनीही टक्कर टाळायलाच वळण घेतलं. एक डावीकडे वळलं, दुसरं उजवीकडे, आणि दोन्ही वळणांनी त्यांना एकमेकांच्या वाटेत आणून सोडलं. ५१ माणसं गेली. पिकार्डची भीती पोकळ नव्हती. समोरचा कुठून येतोय हे कळल्याशिवाय मारलेलं वळण हेच अपघाताचं कारण होऊ शकतं.

दुसरी गोष्ट संदेशाची. पुढच्या फेरीला फार तर एखादा शब्द किंवा आकडा पाठवता येईल, हे त्यांना आधीच कळलं होतं. डेटा शेवटच्या क्षणी '३' पाठवतो. पुढच्या फेरीत पत्त्यांत, यंत्रांच्या आकड्यांत, सगळीकडे ३ उगवतो, आणि ऐन टकरीच्या वेळी त्याला रायकरच्या गळपट्टीवरच्या तीन टिकल्या दिसतात. म्हणजे रायकरचा उपाय बरोबर, आपला, म्हणजे ट्रॅक्टर बीमच्या किरणाने समोरचं यान बाजूला सारण्याचा, चूक. शटल बेमधली (छोटी यानं ठेवण्याच्या दालनातली) हवा सोडून यान बाजूला ढकललं जातं आणि सुटका होते. फार देखणं, पण किती बेभरवशाचं! समुद्रावर एका अक्षराचे झेंडे असतात. 'यू'चा झेंडा म्हणजे 'तुम्ही धोक्याकडे जात आहात'. हा संकेत प्रवासाआधीच पाठ असतो, त्यामुळे स्मृती पुसली तरी अर्थ पुसला जात नाही. ताऱ्यांमध्ये फिरणाऱ्या दलाकडे असा संकेतकोश हवाच. आणि भोंग्याचे तीन आखूड आवाज म्हणजे 'माझं इंजिन उलटं चालू आहे'. डेटाचा ३ एखाद्या खलाशाच्या हाती पडला असता, तर त्याने तो तसाच वाचला असता.

सुकाणू

तांडेल, तीन भोंग्यांची माहिती अप्रतिम. पण डोरियाचं उदाहरण वळण्याच्या विरोधात जातं, थांबण्याच्या नाही. धुक्यात दोघंही वेगात होती, हे तुम्ही सोडलंत. मी वर वेग घटवण्याचं, थांबण्याचं लिहिलंय. त्यावर अजून कुणीच बोललं नाही.

शून्यगुरुत्व

बोलतो. भागातला टकरीचा प्रसंग पुन्हा पाहा. विकृती उघडते, इंजिन गेलं, थ्रस्टर गेले. हलता न येणाऱ्या यानावर बोझमन येऊन आदळतं. आणि ते वाचतं कशाने, तर हवा सोडून मिळालेल्या धक्क्याने जागचं हललं म्हणून. 'थांबा' म्हणताय, तर त्या प्रदेशात नेमकं कुठे थांबायचं तेही सांगा.

सुकाणू

त्याच्या हद्दीबाहेर. पाऊल टाकण्याआधी.

शून्यगुरुत्व

आवाजांची उकल झाली, तेव्हा ते आत शिरलेले होते.