बँकेच्या ई-लिलावात फ्लॅट लागला, आता माघार घेतली तर किती पैसे जातील?

ऐरोली_सेक्टर८ (शुक्रवार, रात्री ८.४०)

आज दुपारी सरफेसीच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेला गहाण मालमत्ता विकू देणारा कायदा) ई-लिलावात घणसोलीचा वन बीएचके आमच्या नावावर लागला. राखीव किंमत ५२ लाख, ईएमडी (बोलीआधी भरलेली अनामत) ५.२० लाख, आमची शेवटची बोली ५८.५० लाख. संध्याकाळी सोसायटीत गेलो तर फलकावर थकबाकीदारांच्या यादीत या फ्लॅटपुढे २,८५,००० लिहिलेत. आत भाडेकरू राहतोय. विक्रीच्या नोटिशीत ताबा ‘सांकेतिक’ आणि थकबाकीच्या रकान्यात ‘माहीत नाही’ असं आहे. होमलोन अजून मंजूर नाही. आता पैसे भरले नाहीत तर फक्त ईएमडी जाते की आणखी काही? आणि कर्जदारानेच मधे येऊन कर्ज फेडलं तर आपण आपोआप सुटतो का?

नियम_नऊ (रात्री ९.१५)

तुमच्या हातात सोमवारपर्यंतचा वेळ आहे, तो नीट वापरा. सिक्युरिटी इंटरेस्ट (एन्फोर्समेंट) नियम, २००२ मधला नियम ९(३) सांगतो की बोली लागल्यावर त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी किमतीच्या २५ टक्के भरायचे, ईएमडी त्यातच धरून. उद्या चौथा शनिवार, बँक बंद. म्हणजे सोमवार.

५८.५० लाखांचे २५ टक्के होतात १४,६२,५००. ईएमडी वजा केली की ९,४२,५०० भरायचे राहतात.

सोमवारी हे भरले नाहीत तर फ्लॅट पुन्हा लिलावाला जातो आणि नोटिशीच्या अटींप्रमाणे ईएमडी जप्त होते. नुकसान ५.२० लाख. भरले आणि पुढचे ७५ टक्के चुकले, तर नियम ९(५) खाली अख्खे १४,६२,५०० जातात. पुढच्या लिलावात फ्लॅट जास्त किमतीला गेला तरी त्या वरच्या पैशांवर तुमचा हक्क नाही, हे त्याच नियमात स्पष्ट आहे.

‘बँकेचं नुकसानच झालं नाही, मग पैसे का कापता’ हा युक्तिवाद आता चालत नाही. सेंट्रल बँक विरुद्ध षण्मुगवेलू प्रकरणात बोली १२.२७ कोटींची होती आणि जप्त झाले ३.०६ कोटी. तीच मालमत्ता नंतर १४.७६ कोटींना गेली, तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण जप्ती कायम ठेवली. करार कायद्याची कलमं ७३ आणि ७४ इथे लागू होत नाहीत असं त्यात म्हटलं आहे. कर्ज मिळालं नाही, ही जप्ती टाळण्याइतकी अपवादात्मक परिस्थिती धरली जात नाही.

पारसिक_पायथा (रात्री ९.५०)

वरचं सगळं बरोबर, पण थकबाकीच्या भीतीने माघार घेऊ नका. सोसायटीचे २.८५ लाख वाचवायला ५.२० लाख सोडण्यात काय अर्थ? ‘जसे आहे जिथे आहे’ अटीवर घेतल्यावर ही देणी बहुतेक घेणाऱ्याच्याच गळ्यात येतात, विजेची थकबाकीसुद्धा. सिडकोची भाडेपट्ट्याची जमीन असेल तर ट्रान्सफर चार्ज वेगळा. हे सगळं कागदावर बेरजेला घ्या आणि ५८.५० लाखांत मिळवून बघा. त्या भागातल्या चालू भावाच्या खाली राहत असेल तर सौदा अजून जिवंत आहे.

माझ्या मते खरी भीती ताब्याची आणि कर्जाची. भाडेकरूचा लीव्ह अँड लायसन्स करार कधीचा, हे आयजीआरच्या (राज्याचा दस्त नोंदणी विभाग) ई-सर्चवर इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, काढून उद्याच बघा. बँकेच्या १३(२) नोटिशीनंतर (कर्जदाराला थकबाकी भरायला सांगणारी नोटीस) बँकेच्या लेखी संमतीशिवाय केलेला करार सरफेसी कायद्याच्या कलम १३(१३) मुळे टिकणं कठीण. गहाणखताच्या आधीचा नोंदणीकृत भाडेकरार असेल, तर मात्र गाठ सुटायला वेळ लागेल. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस चिकटवली आहे, किल्ली बँकेकडे नाही. किल्लीसाठी बँकेला कलम १४ खाली ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. तो केलाय का, आदेश झालाय का, हे ऑथराइज्ड ऑफिसरला (लिलाव हाताळणारा बँकेचा अधिकारी) विचारा. वाशीच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरण) बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदाराचा कलम १७ चा अर्ज चालू आहे का, तेही बघा.

खारेगाव_टोल (रात्री १०.२०)

कर्जदार येऊन सोडवेल या आशेवर बसू नका. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) नुसार कर्ज फेडून मालमत्ता सोडवण्याचा त्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स हा २०२३ चा निकाल आपल्याच नवी मुंबईच्या टीटीसी एमआयडीसीतल्या भूखंडाचा आहे. लिलावानंतर कर्जदाराने बोलीपेक्षा जास्त रक्कम देऊ केली, बँकेनेही ती घेतली. तरी सर्वोच्च न्यायालयाने लिलाव घेणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. त्यात घेणाऱ्याला मालमत्ता हवी होती. तुम्हाला नकोय, म्हणून हा निकाल तुम्हाला सोडवत नाही.

ऐरोली_सेक्टर८ (रात्री १०.४५)

बँकेतून फोनवर सांगितलं की ‘२५ टक्के भरा, बाकीच्याला मुदत मिळेल’. यावर विसंबून भरू का?

नियम_नऊ (रात्री ११.०५)

फोनवरच्या शब्दावर ९,४२,५०० भरू नका. उरलेले ४३,८७,५०० विक्री कायम झाल्यापासून १५ व्या दिवसापर्यंत द्यायचे असतात. हे दिवस लिलावाच्या तारखेपासून धरायचे नाहीत, म्हणून विक्री कायम झाल्याचं पत्र मागून घ्या. वाढीव मुदत नियम ९(४) खाली मिळते, पण दोघांच्या लेखी संमतीने आणि कमाल तीन महिने.

शनिवार-रविवारात होमलोनवाल्याला एकच प्रश्न विचारा: सांकेतिक ताब्याच्या लिलाव फ्लॅटवर, विक्री प्रमाणपत्र हातात येण्याआधी, ते रक्कम थेट लिलाव करणाऱ्या बँकेला देतात का? बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात. उत्तर ‘नाही’ असं आलं आणि ४३ लाखांची दुसरी सोय नसेल, तर सोमवारी २५ टक्के भरू नका, ५.२० लाखांवर थांबा.

भरायचं ठरलं तर सोमवारी सकाळीच ऑथराइज्ड ऑफिसरला ईमेल करा आणि तेच पत्र शाखेत देऊन शिक्क्याची पोच घ्या. त्यात लिलाव क्रमांक, नोटिशीची तारीख, मालमत्तेचा पत्ता आणि बोलीची रक्कम लिहा. नियम ९(४) खाली तीन महिन्यांची मुदत मागा, कलम १४ ची सद्यस्थिती लेखी मागा, सोसायटीच्या थकबाकीचा फोटो जोडा. ‘माघार घेतो’ किंवा ‘नको आहे’ असं त्या पत्रात कुठेही येऊ देऊ नका. बँकेने काही दडवलं होतं असं पुढे निघालं, तर रक्कम परत मागताना हेच पत्र कामाला येईल.

रक्कम ५० लाखांच्या वर आहे, म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे ५८,५००, तुम्हाला कापून भरावे लागतील. शेवटचा हप्ता देण्याआधी हे बँकेला लेखी कळवून त्यांचा होकार घ्या. नाहीतर खात्यात ४३,२९,००० आले की ५८,५०० कमी भरले अशी नोंद होईल.