मल्टी-एजंटमध्ये पोस्टडॉक : सिग्नलवाल्यांना कोणी घेतं का?

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचून जाते, आज पहिल्यांदाच पोस्टडॉकबद्दल (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) विचारतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी पीएचडी मल्टी-एजंट रीइन्फोर्समेंट लर्निंगमध्ये आहे (अनेक प्रोग्रॅम करून बघत, बक्षीस-शिक्षेतून एकत्र शिकतात ते). म्हणजे चौकातला प्रत्येक सिग्नल एक एजंट, त्याला दिसतात फक्त स्वतःच्या चौकातल्या रांगा, पण त्याने हिरवा दिला की गाड्या जाऊन पुढच्या चौकात तुंबतात, तर सगळ्यांनी मिळून शहाणपणाने कसं वागायचं ते त्यांना शिकवायचं. सगळं काम सुमो या वाहतुकीच्या सिम्युलेटरवर, खरा रस्ता एकदाही नाही. थिसिस सबमिट झालाय, एका परीक्षकाचा रिपोर्ट आला, दुसऱ्याचा चार महिने पत्ता नाही आणि गाईडना विचारलं की "येईल येईल".

आता घोळ असा की युरोपातल्या मेरी क्युरी फेलोशिपचा अर्ज साधारण सप्टेंबरात बंद होतो. सर्टिफिकेट हातात नसलं तरी चालतं, पण तोवर व्हायव्हा (थिसिसची तोंडी परीक्षा) पास झालेला हवा. मोबिलिटीचा नियम (आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नको) मला आडवा येत नाही, माझा परदेश म्हणजे २०२४ ला आमास या मल्टी-एजंटवाल्यांच्या कॉन्फरन्ससाठी ऑकलंड, बस. तिथेही पूर्ण पेपर नाही, दोन पानी एक्स्टेंडेड अ‍ॅबस्ट्रॅक्ट. हा सीव्हीत पेपर म्हणून लिहायचा की वेगळ्या हेडिंगखाली? सिनियर म्हणतो लिही बिनधास्त, मला ते खटकतं.

पण खरा प्रश्न पुढे आहे. हल्ली जाहिरातीत मल्टी-एजंट दिसलं म्हणून उघडावं तर आत चॅटजीपीटीसारख्या पाच लँग्वेज मॉडेलांना (एलएलएम) एकमेकांशी गप्पा मारायला लावायचं काम असतं. क्यूमिक्स (एजंटांना मिळून शिकवायची पद्धत), डेक-पॉमडीपी (प्रत्येकाला अर्धवटच दिसतं तेव्हाच्या निर्णयांचं गणित), गेम थिअरी यात मी पाच वर्षं घालवली, त्याचा तिथे उल्लेखही नसतो. आता मेलमध्ये "मला एलएलएम एजंट्समध्ये इंटरेस्ट आहे" असं लिहायचं का? शिकेन मी, त्याचं काही नाही, पण इंटरव्ह्यूत पहिल्याच प्रश्नाला उघडी पडेन. की सरळ जुन्या वळणाचे ग्रुप धरायचे, म्हणजे डेल्फ्टला प्रोफेसर ओलीहूक, सिंगापूर मॅनेजमेंट युनिव्हर्सिटीत प्रोफेसर वरकंथम, नाहीतर साउथॅम्प्टन? कुणी यातल्या ठिकाणी राहून आलंय का?

मनातलं सांगायचं तर मला हार्वर्डच्या मिलिंद तांबेंच्या ग्रुपसारखं काम करायचंय. मुंबईच्या अरमान संस्थेबरोबर त्यांनी केलंय ते : गरोदर बायकांना फोनवर आरोग्याचे मेसेज जातात, त्यातल्या कोण ऐकणं सोडून देतील ते ओळखायचं आणि फोन करणारी माणसं मोजकीच, तर या आठवड्यात कुणाला फोन करायचा ते ठरवायचं. अशा निवडीच्या गणिताला रेस्टलेस बँडिट म्हणतात, माझ्या विषयाचं चुलत भावंडच. पण ज्याचं काम सिम्युलेटरबाहेर कधी आलंच नाही त्याने तिथे कोणत्या तोंडाने मेल टाकायचा?

भारतात एएनआरएफची (संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप आहे, दोन वर्षांची. वयाची अट ३५, बायकांना पाच वर्षं सवलत, मी ३६ म्हणून बसते. आयुष्यात एकदाच मिळते, त्यामुळे आत्ता वापरायची की ठेवायची कळत नाही. मुलगी यंदा पहिलीत गेली, नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, तो म्हणतो जा, आम्ही बघतो. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, ते जास्त अवघड आहे.

लहान मूल घेऊन किंवा मागे ठेवून कुणी पोस्टडॉक केली असेल तर प्लीज खरं खरं सांगा. आणि प्रोफेसरांना पहिला मेल डेडलाइनच्या किती महिने आधी टाकलात तेही. माझा ड्राफ्ट सध्या २२ ओळींचा झालाय, कुणी वाचून कापून देणार असेल तर इथेच टाकते.