चौथी पायरी लिहिली, पाचवीला कुणापुढं वाचली? : सांगली-मिरजेकडचे अनुभव

मिरज, निवृत्त शिक्षक
आपल्या भागातल्या दारू सुटलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या मंडळींनी इथं लिहावं. नावं नकोत, गाव आणि कामधंदा पुरे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेच्या बारा पायऱ्यांतल्या दोनच घेऊ. चौथीत स्वतःचा निर्भीड झाडा लिहायचा, पाचवीत तो दुसऱ्या माणसापुढं वाचायचा. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शेअर दलाल बिल आणि सर्जन डॉ. बॉब हे दोन दारुडे एकमेकांशी मोकळं बोलले, त्यातून ही संघटना उभी राहिली. पायऱ्या १९३९ मध्ये छापून आल्या. आजही मुळात तेच आहे, एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. पण "मी लई वाईट वागलो" एवढंच म्हटलं की रडू येतं, लोक पाठीवर हात ठेवतात, आणि खरं तर काहीच सांगितलेलं नसतं. म्हणून विनंती, नेमकं लिहा.

तासगाव, द्राक्ष बागायतदार
माझ्या वहीत चार रकाने होते. राग कुणाचा, कशामुळं, त्यानं माझं काय दुखावलं, आणि त्यात माझा वाटा काय. पहिले तीन भरभरून लिहिले. भावावरच पानंच्या पानं गेली. घरचा व्यवहार त्यानं काढून घेतला, पोराच्या फीसाठी मला त्याच्यापुढं हात पसरावा लागला. चौथा रकाना कोरा.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या करताना सोबत करणारा जुना सभासद. माझ्या स्पॉन्सरना आम्ही अण्णा म्हणतो. मार्केट यार्डात हमाली करून थकलेले, माझ्या वडिलांच्या वयाचे. आमच्याच बेदाण्याच्या शेडवर, रॅकच्या सावलीला पोतं अंथरून बसले आणि ऐकत राहिले. भावाचं पान संपल्यावर एवढंच म्हणाले, "व्यवहार काढून घेतला, त्याच्या आधी काय झालतं?"

झालं होतं ते असं. सौद्यात बेदाणा विकला, अडत्यानं पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, दिली. मी पट्टी फाडून टाकली आणि घरी दर पडला म्हणून सांगितलं. मधले पैसे पिण्यात आणि जुन्या उधारीत गेले. भावानं अडत्याकडं जाऊन खरा आकडा काढला. हे मी व्यसनमुक्ती सेंटरमध्ये समुपदेशकालाही सांगितलं नव्हतं. अण्णांना सांगताना जीभ टाळूला चिकटली. ते म्हणाले, "ल्ही. चौथ्या रकान्यात ल्ही, पट्टी फाडली." मग त्यांनी त्यांचं एक सांगितलं. ते त्यांचं आहे, इथं लिहिणार नाही.

भावावरचा राग त्या दिवशी गेला नाही. पण 'माझ्यावर अन्याय झाला' असं घोकत गुत्त्याकडं जायचो, ते आता जमत नाही. आधी ती पट्टी आठवते.

सांगली गावभाग, शिवणकाम
मी पिणारी नाही, पिणाऱ्याची बायको. अ‍ॅल-अ‍ॅनॉनमध्ये आम्ही घरचे लोकही याच पायऱ्या करतो. मला वाटायचं, मी तर सोसलंय, माझ्या वहीत काय असणार? ज्या ताईंपुढं वाचलं त्यांनी विचारलं, "ह्यांच्या साहेबांना फोन कोण करायचं?" मीच करायचे. ताप आलाय, गावाकडं कोणी वारलंय. आणि राग निघायचा लेकीवर. सकाळी वेणी घालताना तिचे केस ओढायचे, ती गप्प बसायची. तेवढं एक वाक्य वाचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मिरज, परिचारिका
कळकळीनं सांगते. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. विशेषतः ४८ ते ७२ तासांच्या सुमारास भास, गोंधळ, जोराची थरथर सुरू होऊ शकते, त्यात जीवही जातो. ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीचे, थायमिनचे (म्हणजे बी-१) आणि झोपेचे. तेव्हा पेशंटच्या हातात वही देऊ नका, आधीच्या तीन पायऱ्या नीट होऊ द्या. स्पॉन्सर म्हणजे डॉक्टर नव्हे, त्याच्या सांगण्यावरून गोळ्या बंद करू नका. लिहिता लिहिता जीव द्यावासा वाटला तर तिथंच थांबा आणि १४४१६ ला, टेली-मानसला, फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

सांगली, ट्रकचालक
पहिल्यांदा सगळं वाचलं, एक गोष्ट सोडून. पुढं स्लिप झाली, म्हणजे परत प्यायलो. परत आलो तेव्हा स्पॉन्सरला फक्त तेवढीच सांगितली. वाटलं होतं हा आता उठून जाणार. तो म्हणाला, "बरं झालं बोललास. जेवलास का?"

विटा, यंत्रमाग कामगार
मी नवीन आहे. थोडं लिहिलंय. पण वाचू कुणापुढं? गावात सगळे ओळखीचे, निम्मे भावकीतले. आणि वही घरात ठेवली तर बायकोच्या हाती लागेल, तिला एकदम असं कळायला नको.

मिरज, निवृत्त शिक्षक
मीटिंगला येणाऱ्यांत ज्यानं स्वतः पाचवी पायरी केलीय, असा माणूस बघा. पैशाचा व्यवहार नसावा, भावकी नसावी, आणि ऐकलेलं पोटात ठेवणारा असावा. पुरुषानं पुरुषाकडं, बाईनं बाईकडं जावं हे बरं. विट्यात अडचण असेल तर एसटीनं मिरजेला या, इथं ओळख करून देतो. तोवर वही पाकिटात घालून, चिकटवून माझ्याकडं ठेवा, उघडणार नाही. वाचून झाल्यावर काही जण जाळतात. माझं ऐकाल तर जाळू नका. आठव्या पायरीत आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची असते, ती याच पानांतून काढावी लागते.