लांब पल्ल्याची सायकलसफर: आयोजित की स्वतःच्या भरवशावर?

आयोजकांची मदतगाडी आणि ठरलेले मुक्काम असलेली सफर, तसेच सगळे सामान स्वतःच्या सायकलवर लादून केलेली सफर, या दोन्ही तऱ्हा अनुभवलेल्यांनी येथे लिहावे, ही विनंती. यांतली 'खरी' सायकलिंग कोणती, हा वाद मात्र नको. सुरुवात मीच करतो. सहा दिवसांच्या आयोजित सफरीत तिसऱ्या दिवशी माझा उजवा गुडघा दुखू लागला. एक दिवस थांबून विश्रांती घेतली असती तर भागले असते. परंतु पुढचे मुक्काम आधीच ठरलेले असल्याने थांबण्याची सोय नव्हती आणि मला मदतगाडीत बसावे लागले. त्या वेळी फार ओशाळल्यासारखे झाले. एकटा असतो तर मात्र तो गुडघा घेऊन उरलेले साठ किलोमीटर हट्टाने रेटले असते, हेही कबूल करतो.

*

माझी पहिली सफर स्वतःच्या भरवशावरची होती आणि मागच्या कॅरिअरवर चौदा किलो सामान होते. दुसऱ्या दिवशी उतारावर 'टंग' असा आवाज आला आणि चाक डुगडुगू लागले. पाहतो तर गियरच्या बाजूचा स्पोक तुटलेला. मागच्या चाकात त्याच बाजूचे स्पोक अधिक ताणलेले असतात आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी गियर-चकत्यांचा संच) काढल्याशिवाय तेथे नवा स्पोक बसवता येत नाही. नेमक्या मापाचे तीन स्पोक जवळ होते, कॅसेट काढण्याचे अवजार तेवढे घरी राहिले होते! शेवटी तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळला, आजूबाजूचे स्पोक चावीने थोडे सैल-घट्ट करून डुगडुग कमी केली, रिमला घासू नये म्हणून मागचा ब्रेक मोकळा सोडला आणि केवळ पुढच्या ब्रेकवर, जपून, अडतीस किलोमीटर गेलो. आयोजित सफरीत हेच काम मेकॅनिकने दहा मिनिटांत केले असते आणि मला त्यातले काहीही कळले नसते.

*

ब्रेव्हेचा, म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर पुरे करण्याच्या सायकलफेरीचा, उल्लेख अद्याप कोणी केलेला नाही. तेथे मार्ग आणि घड्याळ आयोजकांचे, बाकी सारे आपले. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास मिळतात. गाडीतून आलेल्या आपल्या माणसांकडून मदत घ्यायची तर ती नियंत्रण केंद्रावरच घेता येते, वाटेत कोणाची गाडी मागे ठेवता येत नाही. माझ्या पहिल्या ३०० मध्ये दोन पंक्चर झाली आणि शेवटच्या केंद्रावर कार्डावर शिक्का पडला तेव्हा बारा मिनिटे उरली होती. मला ही तऱ्हा मानवते, कारण थांबावे की नाही, हा प्रश्न घड्याळच सोडवते.

*

माझे उलट आहे. घड्याळ नको म्हणूनच मी आणि माझी बहीण सामान लादून निघतो. अनोळखी, डोंगराळ मार्ग असेल तर आयोजित सफर घेते, त्यात कमीपणा वाटत नाही. गेल्या खेपेस समोरून जोराचा वारा सुटला, तेव्हा दुपारी दोनलाच आम्ही मुक्काम टाकला आणि त्या दिवशी जेमतेम एकतीस किलोमीटर झाले.