मदत हवी आहे: वजन वाढवायचंय, पण मनच तयार होत नाही

वय ३१, उंची १६० सेंमी, वजन ४३ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) जेमतेम १६.८. दीड वर्षापासून बाळासाठी प्रयत्न चाललेत आणि गेले सात महिने पाळीच नाही. थायरॉइड, प्रोलॅक्टिन या हार्मोन्सच्या तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, अंडाशय ठीक आहेत, पण पोटात पुरेसं जात नाही म्हणून मेंदूतला हायपोथॅलॅमस एलएच-एफएसएचचा (बीज तयार करायला लावणाऱ्या हार्मोन्सचा) इशाराच देत नाहीये. बीज तयार होण्याची गोळी लगेच नको, आधी बीएमआय १८.५ च्या वर न्या, असं त्यांचं म्हणणं.

पटतंय हो. पण रोज सकाळी वजनकाट्यावर चढताना मी कानातले आणि केसांची क्लिपसुद्धा काढून ठेवते. दोनशे ग्रॅम वाढलेले दिसले की दुपारचं जेवण आपोआप निम्मं होतं. हे डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही, लाज वाटते.

गंमत बघा, माझ्या बहिणीला पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) आहे, तिला वजन ५ ते १० टक्के कमी करायला सांगितलंय. घरात एकीला 'खा' आणि दुसरीला 'आवर'!

कुणी यातून गेलंय का? वजन वाढल्यावर पाळी परत यायला किती वेळ लागला? व्यायाम पूर्ण थांबवला की कमी केला? आहारतज्ज्ञ आधी गाठावा की समुपदेशक? आणि तो काटा घरातून काढून टाकला तर कुणाला फरक पडला का?

'टेन्शन घेऊ नकोस, होईल सगळं' हे सोडून काहीही सांगा.