बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करावं की रॅम आहे तशीच चालू द्यावी?

मधली_खिडकी
घरचा डेस्कटॉप आहे. रायझन ५ ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक. दोन्ही एकाच पाकिटातल्या, लेबलवर ३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. टास्क मॅनेजर मात्र स्पीड २१३३ दाखवतो.
बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम लेबलवरच्या वेगाने चालवायचा पर्याय) ‘डिसेबल्ड’ आहे. ते सुरू केलं तर काही जळण्याची भीती आहे का, आणि फरक जाणवण्याइतका पडतो का? शिवाय ‘यूएमए फ्रेम बफर साइज’ असाही एक पर्याय दिसला. तो ऑटोवर आहे, २ जीबी करू का? मशीनवर हिशेबाच्या फायली आणि फोटो आहेत, त्यांना धक्का लागता कामा नये. अधूनमधून गेम चालतात.

पाचवा_स्लॉट
२१३३ म्हणजे बिघाड नव्हे. प्रत्येक स्टिकवर एसपीडी नावाची बारीक चिप असते. तिच्यात जेडेक या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाणित वेगांचा तक्ता असतो आणि कंपनीने तपासलेला जास्त वेगाचा एक्सएमपी प्रोफाइल वेगळा असतो. सांगितल्याशिवाय बोर्ड प्रोफाइलला हात लावत नाही, १.२ व्होल्टवर जेडेकचा वेग धरून चालू होतो. लेबलवरचं ३२०० हे प्रोफाइलचं आहे.

जळणार काही नाही. १.३५ व्होल्ट या स्टिकसाठी ठरवूनच दिलेलं आहे आणि ५६००जीची अधिकृत मर्यादाही डीडीआर४-३२०० आहे, म्हणजे प्रोसेसरलाही जादा ताण नाही. ३६०० किंवा ४००० लावायचं असतं तर गोष्ट वेगळी होती. एएमडी त्याला ओव्हरक्लॉकिंग धरते आणि त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

फरकाचा हिशेब सोपा आहे. दोन चॅनेल (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या वाटा), प्रत्येकी ८ बाइट: २१३३ वर सेकंदाला ३४.१ जीबी, ३२०० वर ५१.२ जीबी. लेटन्सीही (डेटा येईपर्यंतचा उशीर, सीएल तो ठोक्यांत मोजतो) उतरते. २१३३ सीएल १५ म्हणजे सुमारे १४ नॅनोसेकंद, ३२०० सीएल १६ म्हणजे १०. ब्राउझर, पत्रं, हिशेब यांत हे कळणारही नाही. पण तुमचं ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे आणि ते याच रॅमवर जगतं, म्हणून गेममध्ये फरक डोळ्यांना दिसेल.

त्याआधी सीपीयू-झेड या हार्डवेअरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबमध्ये दोन्ही चॅनेल चालू आहेत ना, ते बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर स्टिक प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. दोन्ही एकाच चॅनेलवर बसल्या असतील तर एक्सएमपीपेक्षा आधी ते सुधारा, फायदा जास्त आहे.

घड्याळजी
करायचंच तर या क्रमाने करा.

विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा आणि संरक्षण तात्पुरतं ‘सस्पेंड’ करा. बायोस रीसेट करायची वेळ आली तर सिक्युअर बूटच्या सेटिंगही मूळपदावर जातात आणि पुढच्या बूटला विंडोज की मागतं. की नसेल तर फायली कुलूपबंद. फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ती डिस्क सोडवून ठेवा. बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सीमॉस रीसेटच्या (बायोस मूळपदावर नेणाऱ्या) दोन पिना कुठे आहेत तेही आत्ताच शोधून ठेवा. मशीन अडल्यावर मॅन्युअल उघडणार कशावर?

मग डिलीट किंवा एफ२ दाबून बायोस. पर्यायाचं नाव बोर्डाप्रमाणे बदलतं: एक्सएमपी, डीओसीपी, ए-एक्सएमपी. प्रोफाइल १ निवडा आणि सेव्ह करण्याआधी वेग, टायमिंग (सीएल वगैरे), व्होल्टेज हे तिन्ही आकडे लेबलशी ताडून पाहा. बाकी सगळं ऑटो. एफ१०.

यानंतर स्क्रीन काळी राहून मशीन दोन-तीनदा बंद-चालू होऊ शकतं. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, मध्येच बटण दाबू नका. जमलं नाही तर बरेच बोर्ड आपोआप जुन्या वेगावर परततात. तसं झालं नाही तर वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज उतरवा आणि त्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने १० सेकंद जोडा. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं काढून ठेवा.

यशस्वी झालं तर टास्क मॅनेजर ३२०० दाखवेल आणि सीपीयू-झेड १६००. दोन्ही बरोबर. डीडीआर एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, सीपीयू-झेड फक्त ठोके मोजतं.

काठावरचा_बिट
वरचं सगळं बरोबर, पण ‘बूट झालं म्हणजे झालं’ असं समजू नका. प्रश्न हिशेबाच्या फायलींचा आहे. अस्थिर रॅममुळे निळी स्क्रीन आली तर नशीब समजा, निदान कळलं तरी. एखादा बिट गुपचूप पलटतो, फोटो एडिट करून सेव्ह होतो, बिघडलेलाच डिस्कवर जातो आणि रात्री बॅकअपमध्येही तोच. साध्या रॅमला ईसीसी नसते, ही चूक पकडणारं कोणी नाही.

म्हणून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ ही रॅमची चाचणी चालवा, किमान ४ पास (पूर्ण फेऱ्या). काही तास लागतात, रात्रभर लावून ठेवा. चुका शून्य हव्यात. एकसुद्धा आली तर नापास, ‘एखादी चालते’ असं काही नसतं. विंडोजची स्वतःची मेमरी चाचणी यासाठी फार मवाळ आहे. पास झाल्यावर विंडोजमध्ये वाय-क्रंचर किंवा टेस्टमेम५ हे रॅमवर ताण देणारे प्रोग्रॅम तासभर, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीआ-लॉगरच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी आहेत का ते पाहा. हे होईपर्यंत विंडोज अपडेट नको, बायोस अपडेट नको, हिशेबाची फाइल उघडूही नका.

एवढा खटाटोप नको असेल तर २१३३ वर राहा. तपासलेलं ३२०० चांगलंच, पण न तपासलेल्या ३२०० पेक्षा २१३३ केव्हाही बरं.

पाचवा_स्लॉट
यूएमएचं, म्हणजे रॅममधून ग्राफिक्ससाठी राखून ठेवायच्या वाट्याचं, राहिलं. तिथे २ जीबी दिले की तेवढी रॅम विंडोजच्या हातून कायमची जाते, १६ पैकी सुमारे १३.९ उरते. बदल्यात वेग वाढत नाही, कारण मेमरी तीच. विंडोज गरजेप्रमाणे उरलेल्या रॅमच्या निम्म्यापर्यंत ग्राफिक्सला उसनी देतंच. ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ म्हणून एखादा गेम सुरूच होत नसेल तरच २ जीबी करा. १६ जीबीच्या मशीनवर ४ तर नकोच. आणि एक्सएमपी तपासून होईपर्यंत याला हात लावू नका. दोन गोष्टी एकदम बदलल्या की बिघाड कशामुळे ते कळत नाही.

मधली_खिडकी
प्रोफाइल लावला, बूट झालं. मेमटेस्टच्या तिसऱ्या पासमध्ये २ चुका. आता?

घड्याळजी
आधी प्रोफाइल बंद करून २१३३ वर तीच चाचणी. तिथेही चुका आल्या तर एकेक स्टिक वेगळी लावून दोषी शोधा. वेग कमी करून ती सुधारणार नाही, वॉरंटीत बदलून घ्या. जोडीने विकलेला संच बहुधा पूर्णच परत मागतात.

२१३३ वर स्वच्छ असेल तर मशीन बंद करून, वायर काढून, स्टिक काढून पुन्हा खटका लागेपर्यंत बसवा. बायोसची आवृत्ती जुनी असेल तर ती २१३३ वरच अपडेट करा. मग प्रोफाइल ठेवून फक्त वेग २९३३ करा, व्होल्टेज १.३५ राहू द्या. फॅब्रिकचा (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा) क्लॉक ऑटोवर असला की तोही त्याच प्रमाणात उतरतो. हे सहसा चालतं. बँडविड्थ ४६.९ जीबी मिळते, ३२०० पेक्षा आठेक टक्के कमी.

३२०० चाच हट्ट असेल तर टायमिंग १८-२०-२०-४० असे सैल करून बघा. व्होल्टेज वाढवत बसू नका. प्रत्येक बदलानंतर चारही पास पहिल्यापासून.

काठावरचा_बिट
डीडीआर५ वाल्यांनी यातले आकडे उचलू नयेत. एएम५ (रायझन ७००० चा सॉकेट) बोर्डावर एक्सपो (एएमडीचा एक्सएमपीसारखा प्रोफाइल) लावण्याआधी बायोस अपडेट करा. २०२३ मध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या) १.३० व्होल्टची मर्यादा घातली, ती जुन्या बायोसमध्ये नाही. पहिल्या बूटला काळी स्क्रीन कित्येक मिनिटं राहू शकते. आणि रायझन ७००० वर चार स्टिक लावल्या तर अधिकृत वेग ३६०० च आहे, ६००० चा प्रोफाइल चालेल हे गृहीत धरू नका.