शब्दचर्चा: 'ड्रॅग'ला ओढ म्हणावं की रोध?

बारीकरेती: एका विज्ञान अंकासाठी लेख मराठीत आणतेय. पाण्यातल्या किंवा हवेतल्या सूक्ष्म कणांची हालचाल संगणकावर कशी काढतात, हा विषय. 'फ्लुइड'ला द्रायू घेतलाय (द्रव आणि वायू दोन्ही त्यात बसतात), 'व्हिस्कॉसिटी'ला (म्हणजे दाटपणाला) श्यानता. अडलंय 'ड्रॅग'पाशी, म्हणजे द्रायू आणि कण वेगवेगळ्या वेगाने जात असले की कणावर येतं त्या बलापाशी. कर्षण म्हटलं की मला नांगर दिसतो. संपादक म्हणतात रोध लिहा. आणि 'सिम्युलेशन'चं काय करू?

उलटधार: रोध नको. त्यातून एकच चित्र उभं राहतं, कण चाललाय आणि पाणी त्याला अडवतंय. स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या १८५१च्या सूत्रात हे बल म्हणजे ६π गुणिले श्यानता, त्रिज्या आणि वेग. हा वेग एकट्या कणाचा नाही, पाण्याचा आणि कणाचा यांतला फरक आहे. पाणी जास्त वेगात असेल तर तेच बल कणाला पुढे नेतं. किनाऱ्यावर 'आज पाण्याला ओढ आहे, आत जाऊ नका' असं सांगतात ना, तो शब्द इथे बरोब्बर बसतो.

बारीकरेती: पण ओढ म्हणजे आकर्षण वाटेल. माहेरची ओढ वगैरे.

उलटधार: 'प्रवाहाची ओढ' लिहा, मग नाही वाटणार. शिवाय तुमच्या लेखाची खरी गोष्ट पुढे आहे. खाली जाणारा कण भोवतीचं पाणी सोबत नेतो. ही खळबळ अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे फारच सावकाश, विरते. त्यामुळे शेजारचा कण स्वस्थ असला तरी तोही ओढला जातो. 'रोध' वाचलेल्याला हे कळणारच नाही, कारण जो हललाच नाही त्याला रोध कसला? सगळी गणिती डोकेदुखी इथूनच सुरू होते. एर्मॅक आणि मॅककॅमन यांच्या १९७८च्या सिम्युलेशन पद्धतीत पाण्याच्या रेणूंचे यादृच्छिक धक्केसुद्धा प्रत्येक कणाला सुटे देऊन चालत नाही, या ओढीनुसार त्यांचा आपसात मेळ घालावा लागतो. ब्रॅडी आणि बॉसिस यांच्या १९८८च्या स्टोक्सियन डायनॅमिक्स या पद्धतीत काळाच्या दर पावलाला मोठ्या सारणीचा (मॅट्रिक्सचा) व्यस्त काढायचा, तोही सरळ मार्गाने काढला तर कण दुप्पट झाले की काम आठपट. म्हणून लॅडने १९९४मध्ये लॅटिस बोल्ट्झमान ही पद्धत वापरून पाणीच जाळीवर मांडलं; मग कणांनी एकमेकांची खबर त्या पाण्यातूनच घ्यायची.

तळगाळ: थोडं अवांतर. मसुद्यात 'कण निवळतात' आहे, ते बदला. पाणी निवळतं, गाळ बसतो. आणि 'बसतो'सुद्धा बेतानेच वापरा. पाण्यात १ मायक्रोमीटर व्यासाचा वाळूचा कण सेकंदाला साधारण १ मायक्रोमीटर खाली जातो आणि रेणूंच्या धक्क्यांनी तेवढ्याच वेळात जवळपास तेवढाच इकडेतिकडे सरकतो. त्याला काय डोंबल बसतो म्हणणार! १० मायक्रोमीटरचा असेल तर शंभरपट वेगाने जातो, तो मात्र खुशाल बसू दे.

द्रायूबद्दल एक: हवेत फार बारीक थेंब असला की स्टोक्सचं सूत्र जसंच्या तसं चालत नाही, हवेचे रेणू त्याच्या मानाने विरळ पडतात. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या मिलिकनला तेलाच्या थेंबांसाठी ते सुधारून घ्यावं लागलं होतं. तेव्हा जिथे फक्त पाणी आहे तिथे सरळ पाणी लिहा.

कच्चामसुदा: सिम्युलेशन आहे तसंच ठेवा. प्रतिरूप म्हणजे मॉडेल; ते चालवून बघणं वेगळं. आणि पद्धती 'संख्यात्मक' (न्यूमेरिकल) लिहा, 'सांख्यिकीय' (स्टॅटिस्टिकल) नको. धक्क्यांच्या परिच्छेदात सांख्यिकी खरोखरच येणार आहे, तिथे घोळ होईल.

बारीकरेती: मग हे चालेल? 'प्रवाहाची ओढ कणाला पाण्याच्या वेगाशी जुळवून घ्यायला लावते. पाणी स्थिर असेल तर हीच ओढ त्याला थांबवते.'

उलटधार: चालेल. फक्त 'थांबवते'च्या जागी 'मागे खेचते' करा. वजनामुळे खाली जाणारा कण थांबत नाही, एका ठरावीक वेगाने जात राहतो.